श्रीपादाची उतरण

प्रवासाच्या हकीकतींत लेखकानें स्वतःस ‘आम्ही’ म्हणवून घेण्याची चाल आपल्याकडे जुनी असून ती बहुधा निरुपद्रवी असते. परंतु प्रस्तुत लेखापुरती तिची थोडी फोड करणें प्राप्त आहे. कारण ज्या प्रसंगाविषयीं लिहावयाचें त्यांत ‘आम्ही’ ह्या शब्दाचे दोन तुकडे होऊन ते सव्वातीन तास एका पर्वताच्या दोन अंगांस पडले होते. तेव्हां वाचकांनीं असें समजावें कीं, येथें ‘आम्ही’ म्हणजे सामान्यतः आम्ही उभयतां. आणि जेथें सौभाग्यवती जवळ नाहींत तेथें केवळ आम्ही, म्हणजे बत्तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक गृहस्थ. भूगोलाचा हा उल्लेख आढ्यतेनें केलेला नाहीं, हें पुढें दिसून येईलच.

सन २०२१ च्या नोव्हेंबरांत सौभाग्यवतींच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनींत अडथळा निघाला व तेथें स्टेंट बसवावा लागला. तीन महिन्यांनीं त्या नेहमीसारख्या हिंडूंफिरूं लागल्या, सहा महिन्यांनीं डॉक्टरांनीं त्यांस पट्ट्यावर चालवून पाहिलें व समाधान व्यक्त केलें. समाधान झालें नाहीं तें आमचें. जिभेखालीं ठेवावयाच्या गोळ्यांची एक लहानशी डबी तेव्हांपासून आमच्या खिशांत राहूं लागली. जिना चढतांना आम्ही मागें राहून त्यांचे श्वास मोजीत असूं, आणि आपण मोजतों तें त्यांस कळत नाहीं अशी आमची समजूत होती. एके दिवशीं त्या म्हणाल्या, “मी आजारी पडलें तेव्हां तुम्ही भ्यालांत, तें ठीकच झालें. पण मी बरी झालें तरी तुमचें भिणें कांहीं बरें होईना.” ह्यावर देण्याजोगें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. आणि त्यानंतर आठ दिवसांनीं, आपल्याला लंकेंतला श्रीपाद पर्वत चढावयाचा आहे, असें त्यांनीं जाहीर केलें.

ह्या हट्टाचें मूळ आमच्याच शिकविण्यांत होतें. हिंदी महासागराचा धडा आला कीं आम्ही वर्गांत इब्न बतूताची गोष्ट सांगत असूं. हा मोरोक्कोचा प्रवासी १३४४ च्या सुमारास मालदीवांतून सिंहलद्वीपांत उतरला आणि त्या पर्वतावर चढला. शिखरावरील खडकांत एक पाऊल उमटलेलें आहे. मुसलमान तें आदमचें मानतात, बौद्ध बुद्धाचें, हिंदु शिवाचें, आणि ख्रिस्ती लोकांपैकीं कांहींजण संत थॉमसचें. एकाच खळग्यासाठीं चार धर्मांनीं रांग लावावी व तीहि बहुतांशीं न भांडतां, ही गोष्ट मुलांस फार आवडे. इब्न बतूतानें दोन वाटा सांगितल्या आहेत. एक ‘बाबा’ची, म्हणजे आदमची, आणि दुसरी ‘मामा’ची, म्हणजे हव्वेची. हव्वेची वाट सोपी; पण तिनें जो जाईल त्याची यात्राच घडली नाहीं, असें तेथील लोक समजत. आदमची वाट खडतर, आणि तिच्यावर धरून चढण्यास लोखंडी साखळ्या. सौभाग्यवतींनीं ही गोष्ट आमच्या तोंडून किती वेळां ऐकली असेल याचा हिशेब नाहीं.

जावयाचें ठरलें तेव्हां आप्तेष्टांनीं दोन प्रकारच्या शंका काढल्या. वडीलधाऱ्यांस अशोकवन पाहून येणार कीं नाहीं याची काळजी. आणि तरुणांस त्या देशाच्या दिवाळखोरीची. दुसरी शंका अगदीं अनाठायी नव्हती. २०२२ सालीं तेथील परकीय चलन संपून परदेशी कर्जाची फेड थांबली होती, पेट्रोलसाठीं लोक रात्रंदिवस रांगांत उभे राहिले होते, आणि जुलैंत राष्ट्राध्यक्षांस देश सोडून निघून जावें लागलें होतें. आम्ही गेलों तें २०२३ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं. रांगा तेव्हां ओसरल्या होत्या. मात्र पेट्रोल आठवड्याच्या ठराविक मापानेंच मिळे, आणि प्रत्येक रिक्षावाला आपल्या मोबाईलवरील चौकोनी ठिपक्यांची खूण रेशनकार्डासारखी जपून दाखवी. कोलंबोबद्दल येथें अधिक लिहीत नाहीं. तेथें आम्हांस उकाड्याखेरीज कांहींच झालें नाहीं.

कोलंबो फोर्ट स्टेशनावरून बदुल्ल्याकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें कीं पहिले कांहीं तास कोंकणच. माड, केळी, भाताचीं खाचरें, तांबडी माती. सौभाग्यवती खिडकींतून बाहेर पाहत म्हणाल्या, “एवढ्यासाठीं पासपोर्ट कशाला लागतो?” पुढें गाडी वळणें घेत चढूं लागते, हवा गार होते, आणि पाहतां पाहतां सारे डोंगर एकाच झुडपानें मढविलेले दिसूं लागतात. ह्या डोंगरांवर पूर्वीं कॉफी होती. १८६९ त तिच्या पानांवर तांबेरा पडला आणि वीस वर्षांच्या आंत तो धंदा बुडाला. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १८६७ त, जेम्स टेलर नांवाच्या स्कॉटिश मळेवाल्यानें लूलकंदुर येथें १९ एकरांत चहा लावून पाहिला होता. पुढचा इतिहास आपल्या कपांतच आहे. तो चहा तोडण्यासाठीं मजूर आणले ते दक्षिण हिंदुस्थानांतून, बहुतेक तमिळ. आणि आजहि मळ्यामळ्यांतून तेच लोक राहतात, त्याच लांबलचक चाळींत, एकेका खोलींत एकेक कुटुंब.

हॅटनला उतरून बसनें पर्वताच्या पायथ्याचें गांव गांठलें. इंग्रजांनीं त्याचें नांव डलहौसी ठेविलें होतें. लोक त्यास नल्लतण्णी म्हणतात. “नल्ल तण्णी म्हणजे चांगलें पाणी,” सौभाग्यवतींनीं आपण होऊन सांगितलें. त्यांचें बालपण माटुंग्यास गेलें, शेजारीं तमिळ कुटुंब होतें, आणि पन्नास वर्षांपूर्वीं तेथील मुलींबरोबर ठिकऱ्या खेळतांना आलेली भाषा त्यांच्याजवळ अजून कोठें तरी शिल्लक होती. आम्हांस ह्याचा पत्ता नव्हता.

यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत. आमची माघी पौर्णिमा त्या सालीं ५ फेब्रुवारीस, रविवारीं आली होती. म्हणजे पौर्णिमा आणि सुटी असा दुहेरी योग, आणि त्यामुळें गर्दी. शनिवारीं रात्रीं नऊ वाजतां आम्ही निघालों. पर्वताची उंची २,२४३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारें सहाशें मीटरनीं अधिक; पायऱ्या साडेपांच हजारांच्या आसपास. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिवे लावलेले असल्यामुळें खालून पाहतांना ती वाट आकाशांत शिरल्यासारखी दिसते. चढणारे सारे पांढऱ्या कपड्यांत. तान्हीं मुलें खांद्यावर, म्हाताऱ्या दोघां नातवांच्या मध्यें. उतरणारे लोक चढणाऱ्यांस ‘करुणावयि’ म्हणून अभिवादन करतात. तुमच्यावर कृपा असो, असा त्याचा भाव. एके ठिकाणीं बुद्धानें आपलें फाटलेलें वस्त्र शिवलें अशी श्रद्धा आहे; तेथून यात्रेकरू सुई ओंवून दोऱ्याचें रीळ उलगडीत पुढें जातात, आणि कठड्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाडजूड पुंजके जमतात.

गर्दीनें आमच्या डॉक्टरांचें काम केलें. दहा पायऱ्या चढाव्या आणि पांच मिनिटें उभें राहावें, याहून वेगानें कोणासच जातां येत नव्हतें. वाटेंतील दुकानांत बिनदुधाचा चहा आणि त्याबरोबर गुळाचा खडा मिळे. हा गूळ भेरली माडाच्या रसाचा, काळसर, किंचित् धुरकट चवीचा. खडा दातांत धरून वरून चहाचा घोट घ्यावयाचा. सौभाग्यवतींनीं असे चार चहा घेतले आणि आम्हीं त्यांची नाडी सहा वेळां पाहिली. सहाव्या वेळीं त्यांनीं हात काढून घेतला.

पहांटे साडेपांचास आम्ही शिखरावर पोहोंचलों. जागा लहान, आणि तेवढ्यांत पोलीस, भिक्षु, ढोलवाले व हजारों यात्रेकरू. पादत्राणें काढून पिशवींत घेतलीं. पाऊल एका लहान मंदिरांत, वस्त्रानें झांकलेलें. क्षणभर माथा टेकवून पुढें सरकावें लागतें. बाहेर एक घंटा आहे. जितक्या वेळां पर्वत चढला असाल तितके टोल द्यावयाचे. सौभाग्यवतींनीं एक टोल दिला. आमच्या पुढच्या गृहस्थांचे टोल आम्ही मोजूं लागलों होतों, ते विसाच्या पुढें गेल्यावर सोडून दिले.

आणि येथें आमचें भांडण झालें. सूर्योदयास अजून अवकाश होता. वारा बोचत होता. सूर्य उगवतांच ही सारी गर्दी एकदम खालीं वळेल व चेंगराचेंगरींत त्यांस त्रास होईल, म्हणून आधींच निघावें, असें आमचें म्हणणें. त्यांचें म्हणणें असें कीं, एवढें चढून आल्यावर सूर्य पाहिल्यावांचून खालीं जावयाचें असेल तर घरीं गच्चीवरच बसलें असतें. आम्हीं पुन्हां नाडी पाहण्यासाठीं हात पुढें केला. तेव्हां त्या अगदीं शांतपणें म्हणाल्या, “तुम्ही पुढें व्हा. उतरल्यावर पहिलें चहाचें दुकान लागेल तेथें थांबा. मी माझ्या पायांनीं येतें.”

रागांत माणूस आज्ञाधारक होतो. आम्ही निघालों. पाण्याची बाटली, पैसे, दोघांचे पासपोर्ट, त्यांचा फोन आणि गोळ्यांची डबी, हें सारें आपल्याजवळ आहे, याचें भान त्या वेळीं राहिलें नाहीं.

गर्दी ज्या बाजूस वाहत होती त्या बाजूनें आम्ही पायऱ्या उतरूं लागलों. थोड्याच वेळांत पाठीमागून मोठा गजर झाला. सूर्य उगवला असावा. आणि समोर पाहतों तों एक अपूर्व देखावा! श्रीपादाची सावली खालच्या धुक्यावर व टेकड्यांवर पसरली होती, अगदीं रेखीव त्रिकोण, जणूं कोणीं पट्टी लावून आखलेला. ह्या सावलीबद्दल आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस सांगितलें होतें. आम्ही कठड्याला टेकून ती पाहत राहिलों, आणि मनांत आलें, बरें झालें, वर थांबून त्यांस गर्दींतून ही धड दिसलीहि नसेल. ह्या क्षुद्र समाधानांत आम्ही पुढें चालूं लागलों. उतार भलताच तीव्र होता, ठिकठिकाणीं लोखंडी आधार होते. रात्रीं अंधारांत चढतांना हें लक्षांत आलें नसावें, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. चहाचें दुकान कांहीं लागेना. पाऊण तासानें तीव्र उतार संपून धर्मशाळा व दुकानें लागलीं. आम्ही चहा घेऊन वाट पाहत बसलों.

वीस-पंचवीस मिनिटें झालीं. काळजीपेक्षां रागच अधिक होता, हें कबूल केलें पाहिजे; सांगितल्याप्रमाणें वेळेवर येणें ह्या बाईंस कधींच जमलें नाहीं, अशा अर्थाचें एक भाषण आम्ही मनांत तयार करीत होतों. शेजारीं बसलेल्या तरुणास सहज विचारलें, “नल्लतण्णी आतां किती लांब?” त्यानें आमच्याकडे पाहिलें, मग शिखराकडे बोट दाखविलें, आणि तें बोट शिखरावरून पलीकडे वळविलें. आम्ही बसलों होतों तें हेरमिटिपान. ही वाट रत्नपुराची. उतरलों ती महागिरिदंबाची चढण, साखळ्यांची.

सूर्य पूर्वेस उगवतो. सावली पश्चिमेस पडते. नल्लतण्णी शिखराच्या पूर्वेस आहे. जो मनुष्य पाठीशीं सूर्य व पुढें सावली घेऊन उतरतो तो कोणत्या दिशेस जातो, हा प्रश्न आम्हीं इयत्ता पांचवीस घातला असता.

त्यानंतरची चढण आम्ही कशी चढलों तें नीटसें आठवत नाहीं. आठवतो तो खिशांतील डबीचा आवाज. प्रत्येक पायरीला ती खुळखुळे. पंधरा महिने ती खिशांत होती, पण आवाज कधीं ऐकूं आला नव्हता. मनांत चित्रें येत होतीं आणि सारीं एकाच प्रकारचीं होतीं. त्या कोठें तरी पायरीवर बसल्या आहेत, छातीवर हात आहे, भोंवतीं अनोळखी माणसें आहेत आणि त्यांजवळ ना फोन, ना पैसा, ना गोळी. आमचे साठीच्या पुढचे गुडघे मधूनमधून चालावयाचे थांबत. तेव्हां एका सिंहली आजीबाईंनीं न बोलतां आपली कांठी आमच्या हातांत दिली व त्या कठडा धरून चढूं लागल्या. कांठी परत केव्हां दिली, दिली कीं नाहीं, हेंहि स्मरत नाहीं.

शिखरावर पोलिसाजवळ गेलों. तो सौजन्याचा पुतळा होता. त्यानें इंग्रजींत विचारलें, बाईंनीं काय नेसलें आहे? शाल कोणत्या रंगाची? आम्ही गप्प झालों. रात्रभर ज्या बाईंचे श्वास मोजले, त्यांच्या अंगावरील शाल निळी कीं तपकिरी, हें आम्हांस सांगतां येईना. पोलिसानें वही मिटली आणि म्हणाला, आधीं बरोबर बाजूनें खालीं उतरून पाहा.

पहिलें चहाचें दुकान पंधरा-वीस मिनिटांवर होतें. शाल हिरवी होती. सौभाग्यवती बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, भोंवतीं तीन-चार तमिळ बाया, पुढ्यांत खोबऱ्याची रोटी व तिखट चटणी, आणि संभाषण इतक्या रंगांत आलेलें कीं, आम्ही समोर उभे राहिलों तरी वाक्य पुरें केल्यावरच त्यांनीं वर पाहिलें. मग मात्र त्यांचा चेहरा बदलला. आमचाच हात धरून त्यांनीं आम्हांस बसविलें, पाणी पाजलें, आणि थोड्या वेळानें नाडी पाहिली.

त्यांची हकीकत अशी. सूर्योदय पाहून त्या सावकाश खालीं आल्या, दुकानांत आम्ही नव्हतों, म्हणून थांबल्या. पहिला अर्धा तास राग आला, पुढें काळजी वाटूं लागली, ती आमचीच; कारण आम्हीं रात्रभर कांहीं खाल्लें नव्हतें. दुकानदारीण बाईंस मोडक्या तमिळीत विचारलें, आणि पन्नास वर्षें गंजलेलें कुलूप उघडलें. ह्या बाई जवळच्याच एका मळ्यांतल्या. हंगामांत घरचीं माणसें दुकान चालवितात, एरव्हीं त्या चहा तोडतात. १९४८ च्या कायद्यानें त्यांचे आजोबा व वडील ह्यांस कोठलेंच नागरिकत्व उरलें नाहीं. अशीं माणसें लाखांनीं होतीं. मग १९६४ सालीं लालबहादुर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके ह्यांचा करार झाला, आणि सव्वापांच लक्ष माणसें हिंदुस्थानानें घ्यावीं, तीन लक्ष लंकेनें ठेवावीं, दीड लक्षांचें पुढें पाहावें, अशी वांटणी ठरली. त्या वांटणींत ह्या बाईंचे वडील लंकेस आले आणि चुलते हिंदुस्थानास. चुलत्यांनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. तलैमन्नारच्या धक्क्यावरून रामेश्वरास जाणाऱ्या बोटींत ते चढले, नीलगिरीच्या मळ्यांत पुन्हां चहाच तोडूं लागले, आणि दोघां भावांची त्यानंतर भेट झाली नाहीं. बाई हें सांगतांना रडल्या नाहींत. रोज हजार रुपये मजुरी २०२१ सालीं ठरली तिचें पुढच्याच वर्षीं महागाईनें काय केलें, हें सांगतांना मात्र त्यांचा आवाज चढला. चहाचे व रोटीचे पैसे घ्यावयास त्या तयार होईनात; शेवटीं सौभाग्यवतींनीं गूळ विकत घेतला, लागणार होता त्याच्या चौपट.

उतरूं लागलों तेव्हां बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, “अहो, उतरतांना सावली दिसली का?”

“दिसली. फार सुंदर दिसली.”

“कोणीकडे?”

“समोर.”

त्या हंसल्या नाहींत, हें त्यांचें औदार्य. आणखी शंभरेक पायऱ्या गेल्यावर म्हणाल्या, “एक सांगूं? रागावूं नका. तुम्ही कोठें आहांत ह्याची काळजी होती; पण ते तीन तास मला फार बरे गेले. दीड वर्षांत पहिल्यानेंच माझ्याकडे कोणी पाहत नव्हतें.”

आम्हीं डबी काढून त्यांच्या हातांत दिली. त्यांनीं ती कानाजवळ धरून हलवून पाहिली आणि शालीच्या टोंकास बांधली. तेव्हांपासून ती त्यांच्याजवळच असते. इब्न बतूताच्या दोन वाटांपैकीं आदमची कोणती आणि हव्वेची कोणती, तें पंडितांनीं ठरवावें. आमच्या घरीं त्याचा निकाल लागलेला आहे. नल्लतण्णीस पोहोंचल्यावर आमचे गुडघे सुजले ते कँडीस जाईपर्यंत उतरले नाहींत. तेथें दंतमंदिराच्या पायऱ्या चढतांना त्या मागें राहिल्या होत्या, आणि त्या आमचे श्वास मोजीत आहेत असा आम्हांस दाट संशय आला.